घर पाहावं दुरुस्त करून

आपल्याकडे म्हण आहे, 'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून.' दोन्हींत किती पैसा जातो आणि किती माणसांची मनं राखावी लागतात, हे केल्याशिवाय कळत नाही, असा तिचा साधा अर्थ. पण म्हण करणारा तिथेच थांबला. घर बांधून झाल्यावर कधीतरी त्याच्या भिंती फुगतात, कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते. लग्नाचंही फारसं वेगळं नसतं. तेव्हा काय करायचं, याबद्दल म्हणीत काही नाही. आम्ही दोघांनी २०१९पासून जे आरंभलं आहे, त्याला मराठीत डागडुजी असा एक साधा, कुणाला मोठेपणा न देणारा शब्द आहे. नवं घर बांधताना नवरा-बायको स्वप्नं पाहतात म्हणे. जुनं घर उकलताना ती मुभा नसते. भिंतीतून निघेल ते पदरात घ्यावं लागतं.

आमचं घर शहापुरात. मी १९८१ साली इथे सून म्हणून आले. माजघराच्या तुळईवर शके १८४६ कोरलेलं आहे, म्हणजे १९२४-२५. ह्यांच्या आजोबांनी ते बांधलं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि चार पावलांवरचं बेळगाव इंग्रजी अमलात. १९४८ साली संस्थान विलीन होऊन घर मुंबई प्रांतात गेलं, १९५६ साली म्हैसूर राज्यात. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि २०१४ साली शहराचं बेळगावी. घर जागचं हललं नाही, पत्ता तेवढा बदलत राहिला. सासूबाई म्हणायच्या, "पोस्टमन तोच येतो ना, मग झालं."

पुढे कट्टा, मग सोपा, माजघर, त्याला लागून देवघर, शेवटी स्वयंपाकघर आणि त्यामागे विहिरीचं परडं. एका रेघेत ओवलेलं असं हे घर पुढून मागे जाताना अंधारत जातं. सोप्यात पुरुषमाणसं पेपर वाचत, तिथे उजेड. स्वयंपाकघरात उजेड यायची वाट एकच, छपरातलं काचेचं एक कौल, आणि तेही धुरानं काळवंडलेलं. परड्याकडच्या भिंतीला दार होतं, खिडकी नव्हती. भिंती दोन-दोन फूट जाड. उन्हाळ्यात गारवा असा की पाहुणे हटकून म्हणत, "काय थंड आहे हो तुमचं घर!" पाहुणे सोप्यात बसलेले असत.

२०१९च्या ऑगस्टचा पाऊस आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. पहिल्या आठवड्यात लागला तो उसंत घेईना. नाले फुगले, वस्त्यांत पाणी शिरलं, जिल्ह्यात हजारो घरं पडली. जुन्या गल्ल्यांत रात्री-अपरात्री आवाज यायचा आणि सकाळी कळायचं, अमक्यांची मागची भिंत गेली. मातीतली भिंत पडताना कडकडाट होत नाही. कुणी दमून मटकन खाली बसावं तसा आवाज होतो. आमची भिंत पडली नाही, फुगली. पाऊस थांबल्यावर गवंड्यांनी ओळंबा सोडला तेव्हा मधोमध चार इंचांचा फरक निघाला.

गणपतीला धाकटे दीर पुण्याहून आले ते ओळखीच्या बिल्डरकडून आराखडाच घेऊन. खाली दुकानं, वर तीन मजले, दोघा भावांना एकेक फ्लॅट. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. "दगडमातीच्या घरात म्हातारपणी राहणार तुम्ही? किल्लारी आठवत नाही?" असं त्यांनी विचारलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-धाराशिवकडची हजारो माणसं झोपेतच आपल्या घराच्या भिंतींखाली गेली, हे आमच्या पिढीला विसरणं शक्य नाही. हे म्हणाले, "मी घर पाडणार नाही." दीर म्हणाले, "मग तू सांभाळ." माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. घर ज्यांच्या नावावर असतं त्यांची बैठक माजघरात होते आणि चहा स्वयंपाकघरातून येतो. चहा मी नेला.

रात्री ह्यांनी विचारलं, "तुझं काय मत?" मी म्हटलं, "आधी भिंत बघू. मग सांगते."

त्या वेळच्या आमच्या संसाराबद्दल थोडं सांगायला हवं. हे बँकेतून २०१५ साली निवृत्त झाले, मी शाळेतून २०१९च्या मे महिन्यात. लेक पुण्यात, तिच्या संसारात. अडतीस वर्षं आम्ही सकाळी दोन दिशांना गेलो आणि संध्याकाळी एकत्र आलो. बोलायला दिवसाचं काहीतरी असे. आता दिवसभर एकाच छपराखाली आणि बोलायला विषय नाही. भांडण नव्हतं, अबोला तर नव्हताच. "भाजी काय?" "दोडका." "बरं." इतकंच. पुष्कळ घरांत हे होत असावं. त्यावर कुणी लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही. त्या फुगलेल्या भिंतीनं आम्हाला विषय दिला.

दसऱ्याला ह्यांनी दोनशे पानी वही आणली. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला वहीशिवाय काम सुरू करता येत नाही. डावं पान ह्यांचं, त्यावर तारीख, काम, माल, मजुरी, बाकी. उजवं पान कोरं राहायचं. "तू लिही त्यावर," म्हणाले. "काय लिहू?" "तुला वाटेल ते. भिंत बघून सांगते म्हणालीस ना?" तेव्हापासून उजवं पान माझं. आता चौथी वही चालू आहे. तोंडानं जे बोललं गेलं नसतं असं बरंच काही त्या वह्यांत आहे. कागदावर लिहिताना माणूस आवाज चढवत नाही, आणि समोरच्याला ते मध्येच तोडता येत नाही. दुसऱ्यानं वाचावं म्हणूनच दोघंही लिहीत होतो. तरी वही दोघांच्या मधल्या कोनाड्यात ठेवायची आणि दुसरा घरात नसताना वाचायची, असा न ठरवलेला नियम होऊन बसला.

गवंडी बैलहोंगलकडचे, सत्तरीला टेकलेले. चुन्याचं काम लहानपणी बापाबरोबर केलेलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत. ह्यांना सावकार म्हणत, मला अक्का. त्यांनी भिंतीचा एक कोपरा उकलून मला बोलावलं. "अक्का, ही एक भिंत नाय. दोन हायत." पाहिलं तर खरंच. बाहेरच्या बाजूला जांभ्याच्या मोठ्या तुकड्यांचा एक पडदा, आतल्या बाजूला लहान दगडांचा दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती नि दगडांच्या कपच्यांची भर. वरून दोन्हीकडे गिलावा, म्हणून इतकी वर्षं ती एक वाटत होती. "बाहेरचीला आतली धरत नाय, आतलीला बाहेरची. मधल्या मातीवर दोगी उभी," गवंडी म्हणाले.

मग ती आत्ताच का फुगली? १९७८ साली मामंजींनी हौसेनं त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्या दिवसांत साऱ्या गल्लीनंच केला. सिमेंट म्हणजे पक्कं, चुना-माती म्हणजे कच्चं, अशी समजूत होती. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देते. सिमेंटनं ती वाट बंद केली. छपरातून, भेगांतून आत गेलेलं पाणी आतच राहिलं. वर्षानुवर्षं मधली भर ओली होत, सुटत गेली आणि त्या पावसात तिनं बाहेरचा पडदा ढकलला. वरून पाहणाऱ्याला गिलावा शाबूत दिसत होता.

ह्यांनी एका निवृत्त अभियंत्यांना घर दाखवलं. दिरांचा प्रश्न मनात होताच. ते म्हणाले, किल्लारीत माणसं मेली ती दगडामुळे नव्हे, दगड एकमेकांत न गुंतवल्यामुळे. जाड भिंतींचे दोन पडदे हादऱ्यानं सुटले आणि माळवदाचं मातीचं प्रचंड ओझं खाली आलं. आपल्याकडे कौलारू छप्पर, म्हणजे ओझं कमी. पण भिंतीत आरपार दगड हवेत, एका पडद्यातून दुसऱ्यापर्यंत पोहोचणारे, साधारण मीटर-मीटर अंतरावर. पडकी भिंत पुन्हा रचताना ते घालता येतात. उभ्या भिंतीतही काम न पाडता करता येतं. एकेक दगड जपून काढायचा, आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळी ठेवून काँक्रीट भरायचं. १९९३नंतर त्या भागातल्या उभ्या राहिलेल्या घरांसाठी सुचवलेला हा उपाय आहे. वर, छपराखाली, चारही भिंतींना बांधणारा एक पट्टा. मला हे पटलं. सिमेंट शत्रू नाही. ते कुठे घालायचं आणि कुठे नाही, हा प्रश्न आहे. त्या रात्री मी उजव्या पानावर लिहिलं, 'भिंत पाहिली. दुरुस्त होईल. माझी संमती आहे.' दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर पहिली रक्कम पडली.

हे त्या काळात लॉरी बेकरबद्दल वाचत होते. इंग्लंडहून आलेला, केरळात स्थिरावलेला हा वास्तुशिल्पी (१९१७–२००७). आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, असं गांधीजींनी आपल्याला सांगितल्याची आठवण तो सांगत असे. झालं, डाव्या पानावर 'मैल' असा नवा रकाना आला. माती: परडं, शून्य. दगड: पडक्या भिंतीचेच, शून्य. पाणी: आपली विहीर, शून्य. कमी पडलेली कौलं: खानापूर, सोळा. चुना: लोकापूरकडचा, साठाच्या वर. त्यापुढे लाल शाईत 'नापास'. मी शेजारी लिहिलं, 'सून: माहेर कोल्हापूर. मैल तुम्हीच मोजा.'

भिंत उतरवायची तर आधी छपराचं ओझं उतरवायचं. २०२०च्या फेब्रुवारीत मागची कौलं खाली आली, वाशांना टेकू लागले, वर तात्पुरते पत्रे पडले. मार्चच्या मध्यापर्यंत भिंत गुडघाभर उरली. परड्यातल्या खड्ड्यात चुनकळी विरवून ठेवली होती. विरवण्याचा तो प्रकार मुलांना शाळेत दाखवावा असा. चुनखडक सुमारे नऊशे अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी पडलं की खड्डा खदखदू लागतो, वाफा येतात, जवळ उभं राहवत नाही. थंड झाल्यावर लोण्यासारखा मऊ गोळा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. सिमेंटसारखा काही तासांत नव्हे, महिन्यांत, वर्षांत.

आणि २५ मार्चला देश बंद झाला. गवंडी गावी अडकले. मागची भिंत नाही, स्वयंपाकघराच्या जागी ताडपत्री, शेगडी सोप्यात, आणि घरात आम्ही दोघं. लेक फोनवर रडली. दीर मात्र "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत, हे त्यांच्या चांगुलपणाचं. ते रोज फोन करत राहिले. गवंड्यांचाही यायचा. ह्यांनी काळजीनं विचारलं, "चुन्याचं काय?" पलीकडून उत्तर, "इरली, सावकार. वर पाणी तेवढं ठेवा. जितका जुना तितका चांगला." हे खरं आहे. पाण्याखाली राहिलेला चुना मुरतो, त्याचे कण बारीक होत जातात. सगळं जग थांबलेलं असताना आमच्या परड्यात एक गोष्ट थांबण्यानंच चांगली होत होती. हे रोज सकाळी बादलीभर पाणी त्यावर घालत आणि डाव्या पानावर लिहीत, 'चुना: पाणी दिले.' एखाद्या आजाऱ्याची नोंद ठेवावी तशा त्या नोंदी आहेत.

दुपारी आम्ही कौलं धूत असू. अकराशेच्या वर होती. नारळाच्या शेंडीनं शेवाळ घासायचं, टिचकी मारून पाहायचं. खणखणीत वाजलं तर एका ढिगात, बद्द वाजलं तर दुसऱ्या. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. आमच्या छपरात दोन्ही नावांची कौलं निघाली. हे आनंदले, "म्हणजे १९२४ साली आजोबांनी काही कौलं जुनीच विकत घेतली असणार! कुणाच्या तरी पडलेल्या घराची." आजोबांबद्दलची ही एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. जे घर जसंच्या तसं जपायला आम्ही निघालो होतो, ते मुळात दुसऱ्या कुणाच्या घराच्या उरल्यासुरल्यावर उभं होतं. चाळीस वर्षांत आम्ही दोघं इतके तास शेजारी बसलो नव्हतो. बोलणं कौलांचंच असे, पण असे.

या सगळ्यात मी दुसरी एक गोष्ट पाहत होते. मागची भिंत नसल्यामुळे सकाळी आठच्या सुमारास स्वयंपाकघरात ऊन येई. एकोणचाळीस वर्षांत ती खोली मी उजेडात पाहिली नव्हती. काजळीचे थर, तुळईतले आकडे, चुलीच्या जागेवरचा लाल डाग. उत्तरेकडच्या भिंतीवर कोनाड्याशेजारी कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या, एकाखाली एक. सासूबाईंचा दुधाच्या रतिबाचा हिशेब. त्यांना लिहिता येत नसे. ह्यांनी त्या रेघा पाहिल्या आणि बराच वेळ तिथे उभे राहिले.

पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीनंतर गवंडी आले, आठ महिने मुरलेला चुना हातात घेऊन हसले. चुन्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. मोगरीनं कुटण्याचा आवाज दिवसभर. भिंत पायापासून वर येऊ लागली, काळ्या दगडाचे लांब आरपार तुकडे घालत घालत. आणि मी उजव्या पानावर लिहिलं, 'या भिंतीला खिडकी हवी. मोठी.'

ह्यांनी वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या पानावर लिहिलं, 'आईचं स्वयंपाकघर जसं होतं तसं राहावं.'

त्यानंतर अकरा दिवस उजवं पान कोरं आहे. डाव्या पानावर नोंदी आहेत: वाळू, मजुरी, चहा. भिंत कमरेपर्यंत आली. गवंडी मला विचारत, "अक्का, भोक सोडायचं काय?" मी म्हणे, "सावकारांना विचारा." सावकार म्हणत, "अक्कांना विचारा." भिंत काही थांबून राहणार नव्हती. आणखी दोन थर चढले असते की प्रश्न मिटला असता, माझ्या विरुद्ध.

बाराव्या दिवशी मी लिहिलं. ते पान इथे उतरवत नाही, आशय सांगते. जुनं घर जपायचं म्हणजे कुणाचं घर जपायचं? सोप्यातला गारवा आणि स्वयंपाकघरातला अंधार एकाच भिंतीचे आहेत. गारवा सोप्यात बसणाऱ्यांच्या वाट्याला आला, अंधार आमच्या. १९८७ला गॅस आला तोवर चुलीच्या धुरात मी सहा वर्षं काढली, सासूबाईंनी चाळीस. त्या दुपारी तांदूळ निवडायला परड्याच्या दारात उंबऱ्यावर बसायच्या. सगळी गल्ली म्हणे, यांना परड्याची हौस. हौस नव्हती. आत खडा दिसत नव्हता. ते स्वयंपाकघर त्यांनी मागितलेलं नव्हतं. मिळालं तसं त्यांनी चालवलं. त्यांच्या आठवणीसाठी ठेवायचं असेल तर ते उंबऱ्यावरचं ऊन ठेवा, अंधार कशाला ठेवता?

वही कोनाड्यात ठेवून मी मंडईत गेले. परत आले तेव्हा हे परड्यात गवंड्यांशी बोलत होते, खडूनं भिंतीवर काहीतरी आखत होते. बोलणं झालं नाही. रात्री डावं पान पाहिलं. नेहमीच्या नीट अक्षरात एक ओळ होती:

'खिडकी: पूर्वेस, ४ × ३॥ फूट. कोपऱ्यापासून तीन फूट सोडून. सागवान जुन्या चौकटीचे वापरणे. मैल: शून्य.'

माणसं किती तऱ्हांनी 'तुझं खरं आहे' म्हणतात! कुणी फुलं आणतं, कुणी जवळ घेतं. ह्यांनी हिशेब मांडला. त्या ओळीइतकं काही मला चाळीस वर्षांत कुणी लिहून दिलं नव्हतं.

कोपऱ्यापासून तीन फूट हे अभियंत्यांचं सांगणं. कोपऱ्याजवळ भोक पाडलं तर भिंतीची गाठच कमकुवत होते. म्हणून मला हवी होती त्याहून खिडकी थोडी मध्याकडे सरकली, आणि ओट्याची जागा बदलली. उत्तरेच्या भिंतीला गिलावा करताना दुधाच्या रेघांची हातभर जागा तशीच सोडली. हे ह्यांनी मागितलं, मी लगेच मान्य केलं. आता पूर्वेच्या खिडकीतून सकाळी जे ऊन येतं ते नेमकं त्या रेघांवर पडतं. हे काही कुणी योजलेलं नव्हतं. समोरची भिंत असती तर दुसऱ्या कशावर पडलं असतं.

बाकीचं झटपट सांगते. २०२१च्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं, पण तोवर कौलं चढली होती. उरलेल्या भिंतींत सळ्या घालणं, छपराखालचा पट्टा, चुन्याचा गिलावा असं करत २०२२च्या पाडव्याला काम एका टप्प्याला आलं. वहीतली बेरीज अकरा लाख बेचाळीस हजारांवर गेली. एवढ्यात लहानसा फ्लॅट मिळाला नसता, पण त्यासाठी बयाणा नक्की देता आला असता. ज्यांच्याकडे वेळ नाही, पैसा अडकवायची ताकद नाही, त्यांनी जुनं घर सोडून फ्लॅट घेतला तर त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गवंडी मिळत नाहीत. चुना कुटणारे हात तर त्याहून दुर्मीळ. आमच्या गवंड्यांची मुलं हुबळीला फरशा बसवतात, त्यात पैसा जास्त आहे. आम्हाला ते काम जमलं याचं कारण आमच्याकडे पेन्शन होती आणि अनायासे रिकामा वेळ.

दीर त्या वर्षी गणपतीला आले. जेवण झाल्यावर थेट स्वयंपाकघरात आले, खिडकीच्या कट्ट्यावर बसले. रेघांकडे पाहून म्हणाले, "आईला बरं वाटलं असतं." जाऊबाई ओट्यावर हात फिरवत होत्या. त्यांनीही ऐन तिशीत या खोलीत सणासुदीच्या पंगती काढलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता दिसतंय गं." घराच्या वाटणीचा कागद अजून झालेला नाही. होईल तेव्हा त्यात कुणाला काय मिळेल ते मिळो. लेक बेळगावला परत येणार नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. आमच्यामागे कुणी इथे मजले चढवले तर आम्ही अडवायला नसू. ह्यांना पूर्वी याचं दुःख होई. आता म्हणतात, "आजोबांची कौलं तरी कुठे पहिली होती?"

म्हणून कुणी विचारलं की एवढी यातायात करून काय मिळालं, तर 'वारसा जपला' असं मोठं उत्तर माझ्याजवळ नाही. एक भिंत आता बांधलेली आहे. तिचे दोन पडदे वेगळेच आहेत, एक उन्हापावसाकडे तोंड केलेला, एक घराकडे. ते एक व्हायची गरज नसते. मध्ये मीटर-मीटरवर एखादा दगड या अंगातून त्या अंगापर्यंत पोहोचलेला असला की पुरतं. गवंडी सांगून गेले आहेत की चुन्याला बारीक भेगा पडतील, घाबरू नका, पावसाच्या पाण्यानं आतला चुना सुटून त्या पुष्कळदा आपोआप भरतात. मोठी भेग मात्र आपोआप भरत नाही, तिला हात लावावा लागतो. आम्ही दर वर्षी मृगाआधी आणि दसऱ्यानंतर भिंती फिरून पाहतो. एक जण कंदिलासारखा टॉर्च धरतो, एक जण नखानं खरवडून बघतो.

यंदा परड्याकडची पन्हळ बदलायची आहे. हे पत्र्याची म्हणतात, मी म्हणते पीव्हीसीची घ्या, दर वर्षी रंगवायचा त्रास नाही. त्या एका विषयावर चौथ्या वहीची सहा पानं भरली आहेत, आणि मला काही घाई नाही.